चूलबंद आवतन

आज सकाळपासून माझी शेगडी बंद आहे. गॅस संपलेला नाही, उपास नाही, आणि स्वयंपाकाचा कंटाळा आलाय असंही नाही. तो तर मला रोजच येतो. तरी आज चहासुद्धा खालच्या टपरीवरून आणून प्यायले. शेगडी घासूनपुसून ठेवली आहे, तिच्यावर काहीही नाही, आणि मी मधूनमधून उगाचच तिच्याकडे बघून खूश होते आहे. कारण सांगते, पण मध्ये बरीच तूर आहे.

पौष सरत आला की अकोल्याच्या या भागात हवेला नव्या तुरीचा वास येतो. कच्चा, जरासा गोडसर, त्यात धूळ आणि तेल मिसळलेलं. दाल मिलांच्या दिशेने ट्रक जायला लागतात, दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत मातकट होतात आणि माझी घरमालकीण त्या धुळीच्या नावाने बोटं मोडते. मी मान डोलावते. पण मला त्या वासाबरोबर दोन वर्षांपूर्वीचा एक महिना आठवत असतो, म्हणून कपडे मळले तरी मी खिडकी उघडीच ठेवते.

मी अमरावतीची. इतवारा बाजारात आईबाबांचं भाजीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, वर ताडपत्री, आणि सुट्टीच्या दिवशी मापं टाकायला मी. कॉलेजात मार्केटिंग शिकले आणि अकोल्याच्या एका दाल मिलमध्ये अप्रेंटिस म्हणून लागले, तेव्हा आईने विचारलं की हे मार्केटिंग म्हणजे नेमकं काय असतं. आपला माल चांगला आहे हे लोकांना पटवून द्यायचं, असं मी म्हटलं.

“मंग ते शिकाले कॉलेजात काहून गेली?” आई म्हणाली. “मी तं रोज सकाऊनपासून तेच करून राहिली.”

आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाला मेथी दाखवायला वळली.

पहिले काही महिने मी डाळीच्या पाकिटांचा मजकूर तपासला आणि गावोगावच्या दुकानदारांना फोन केले. मग पौषात एके दिवशी ऋता मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. या मोठ्या मालकांच्या सूनबाई; माहेर पुण्याचं, नुकत्याच कंपनीत लक्ष घालायला लागल्या होत्या. मिल आता तिसऱ्या पिढीत आली होती आणि रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी तिचं फाटक गावासाठी उघडायचं त्यांनी ठरवलं होतं. हेरिटेज ओपन डे. लोकांनी यावं, जुन्या वस्तू बघाव्यात, मिल बघावी आणि जेवून जावं. मी महिनाभर त्यांच्या हाताखाली हेच काम करायचं. मिलमध्ये मात्र हे इंग्रजी नाव कुणीच घेत नसे, सगळे त्याला ‘तो कार्यक्रम’ म्हणत. मोठे मालक, ज्यांना सगळे दादाजी म्हणतात, ते तर ‘सूनबाईचा कार्यक्रम’ म्हणत आणि मिशीत हसत.

त्या महिन्यात मी माळ्यावर फार राहिले. बारदान्याच्या ढिगांमागे काय काय निघालं! पोत्यांवर नाव छापायचे पत्र्याचे छाप, धान्य मापायच्या पितळी पायल्या, साखळ्यांना दोन मोठी पारडी असलेला लाकडी दांड्याचा काटा, आणि जात्यांची एक जोडी. दादाजींच्या आईने याच जात्यांवर गल्लीतल्या बायांना घेऊन तूर भरडायला सुरुवात केली होती, त्यातून ही मिल झाली. मी पत्र्याचे छाप लिंबाने घासायची आणि खिडकीत उभे करायची. दुपारचं ऊन त्यातून आत आलं की समोरच्या भिंतीवर मिलचं नाव उजेडाने लिहिलं जायचं. मॅडमना ते दाखवलं तर त्या मोबाइल काढायचंही विसरल्या, नुसत्या बघत राहिल्या. त्या दिवसापासून मला मॅडम आवडायला लागल्या.

पण माझा जीव रमायचा तो मिलच्या मागे, वाळवणाच्या पटांगणात. तुरीला तेल-पाणी देऊन ती तिथे उन्हात पसरतात, आणि मग बाया तिच्यात अनवाणी चालतात. पाय उचलायचा नाही, ओढायचा. त्याने तूर वरखाली होते आणि मागे दोन लांब रेघा उमटतात. डोक्यावर पदर, वरून रुमाल, आणि सगळ्याजणी एका ओळीत, गप्पा मारत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी पहिल्यांदा चपला काढून उतरले तेव्हा वरची तूर चांगली गरम होती आणि खालची थंडगार. पाऊल एकाच वेळी दोन ऋतूंत असल्यासारखं वाटलं, आणि मी मोठ्याने हसले. माझ्या रेघा वाकड्या आल्या होत्या. त्या मोडायला सुमनबाई माझ्या मागून चालत आल्या.

सुमनबाई म्हणजे त्या ओळीतल्या सगळ्यात जुन्या. बारीक, ताठ, बोलायला तिखट. दुपारच्या सुट्टीत त्या मला हाक मारून घेत आणि पहिल्यांदा माझा डबा उघडून बघत. मी तेव्हा मुलींच्या एका वसतिगृहात राहायची, डबा मेसचा. त्यातल्या वरणात डाळ शोधावी लागे.

“दाल मिलात कामाले अन् डब्यात असं पानी?” त्या म्हणाल्या होत्या. “पोरी, तुया मेसवाल्याले आपल्या मिलचा पत्ता दे. थेच तुयं मार्केटिंग.”

मग भाकरीचा चतकोर, ठेचा, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी असं काय काय माझ्या झाकणात येऊन पडे. संक्रांतीला सुमनबाईंनी शेजारपाजारच्यांना जेवायला बोलावलं, मलाही बोलावलं, आणि वर सगळ्यांसमोर चिडवलं की, जिच्या खोलीत चूलच नाही तिले चूलबंद आवतन द्यावं कसं? सगळ्या हसल्या, मीही हसले. खोलीवर गेल्यावर मात्र ते मला जरा लागलं. परक्या गावात आपल्या नावाची एक चूलसुद्धा नाही, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आमच्याकडे आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी: त्या घरातून एकदोघांनी यायचं, जेवायचं, परत जायचं. दुसरं चूलबंद: घरातल्या सगळ्यांनी यायचं, म्हातारी, लेकरं, आणि त्या दिवशी घरी पाहुणा असला तर तोही. त्या घरची चूल त्या दिवशी पेटतच नाही. चूलबंद आवतन देणाऱ्याने मग माणसं मोजायची नसतात. आईबाबा दिवसभर बाजारात, घरी रांधायला कुणी नाही, म्हणून आमच्या ओट्यावर येणारं आवतन नेहमी चूलबंदच असायचं, आणि आईनेही कुणाला दुसरं दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

इकडे मॅडमनी मोबाइलवर पाठवायचं एक देखणं आमंत्रण तयार केलं. त्यावर जातं, उडणारी तूर, खाली बारीक अक्षरात नकाशा. सगळ्या कामगारांना ते गेलं, सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र परत पाठवलं, आणि येणार का असं विचारलं की कुणी काही बोलेना. शेवटी सुमनबाईंनीच सांगितलं की फोनात येते ती बातमी. आवतन असेल तर माणूस घरी येतो, कुंकू लावतो. संक्रांत ते रथसप्तमी असे हळदीकुंकवाचेच दिवस होते. मॅडम म्हणाल्या, पल्लवी, तू जा. पण घरटी दोन माणसं सांग, आचाऱ्याला आकडा दिलाय.

मी एका हातात कुंकवाची कोयरी आणि दुसऱ्या हातात अक्षता घेऊन सुमनबाईंबरोबर मिलमागच्या वस्तीत निघाले. पहिल्या घराच्या दारात एक म्हातारी, तिची सून, सुनेच्या कडेवर एक आणि पदराला एक. मी सुनेला कुंकू लावलं. आता म्हणायचं होतं की तुमच्यापैकी दोघं या. चार तोंडं माझ्याकडे बघत होती. त्यातली कुठली दोन, हे मी कसं सांगणार होते? माझ्या तोंडून आईचं वाक्य निघालं: “रविवारी मिलमध्ये जेवायला या. चूल पेटवू नका.”

म्हातारी हसली. सुमनबाईंनी पायरीवरच माझा दंड धरला.

“चूलबंद म्हनली तू. समजून म्हनली ना?”

मी हो म्हटलं.

“मंग आता साऱ्याइले तसंच द्या लागन. एका घरी चूलबंद अन् दुसऱ्या घरी दोघं, असं केलं तं वस्तीत तोंड दाखवता येनार नाई.”

आणि मी दारोदार तेच म्हणत गेले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. प्रत्येक दारात माणसांचा चेहरा उजळत होता, कुणी हातावर तिळाचा लाडू ठेवत होतं, कुणी बस म्हणत होतं. वसतिगृहातल्या माझ्या पलंगापासून हे सगळं इतकं जवळ होतं आणि मला ठाऊकच नव्हतं. आचाऱ्याचा आकडा कुठल्या कुठे मागे राहिला.

शेवटचं घर सुमनबाईंचं. दोन खोल्या, स्वच्छ सारवलेलं अंगण. त्या आधी आत गेल्या, पदर घेतला आणि उंबऱ्याच्या आतून माझ्यासमोर पाहुणीसारख्या उभ्या राहिल्या. मी कुंकू लावलं, आवतन दिलं. त्या हातातल्या अक्षता चाळवत म्हणाल्या की चूलबंद आवतनात घरी आलेला पाहुणाही येतो, बरोबर ना? मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी ज्योती उन्हाळ्यात तिवशाला दिली होती. लग्नाला इतके महिने झाले, पण विहीणबाईंना अजून जेवायला बोलावणं झालं नव्हतं. नव्या व्याह्यांची सगळी माणसं या दोन खोल्यांत बसवायची कुठे आणि वाढायचं कसं, म्हणून आज-उद्या करत दिवस गेले. विहीण काही बोलत नव्हती. पण फोनवर हा विषय निघाला की ज्योतीचा आवाज खाली जायचा, आणि आईला ते कळायचं.

“मिलच्या पंगतीले बलावते मी इहीनबाईले,” सुमनबाई म्हणाल्या. “एवढ्या मोठ्या पटांगनात बसवते. पन पोरी, कमी नको पडू देजो. माया पोरीले तिथं जलम काढाचा हाय.”

तोवर तो ‘सूनबाईचा कार्यक्रम’ होता. त्या क्षणापासून मला तो सुमनबाईंच्या लेकीचा वाटायला लागला.

मी तशीच जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चूलबंद म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्या खुर्चीत मागे टेकून छताकडे बघत बसल्या. मग आम्ही दोघी दादाजींकडे गेलो. ते बाजेवर ऊन खात बसले होते. आवतन कुणी दिलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. कोणत्या शब्दांत? मी ते शब्द म्हणून दाखवले.

“मंग ते मिलचं आवतन झालं,” दादाजी म्हणाले. “आवतन वापस नाई घेता येत, सूनबाई. बापूराव आचाऱ्याले म्हना, कढई मोठी लाव.”

मॅडमचं मला कौतुक वाटतं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. परत येऊन लॅपटॉप उघडला आणि जेवणाच्या हिशेबात ‘चूलबंद’ असा नवा रकाना केला. त्यात काय भरायचं ते मात्र आम्हाला दोघींनाही कळेना.

जेवणात रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. वांगी माझ्या आईने इतवाऱ्यातून पाठवली, एकेक हाताने निवडलेलं. पत्रावळी कागदाच्या घ्या, स्वस्त आणि न गळणाऱ्या, असं बापूराव आचारी कळवळून सांगत होते. मॅडमनी ऐकलं नाही. फोटोत शोभतात म्हणून पळसाच्या पानांच्याच हव्यात, असा त्यांचा हट्ट. त्या भरमसाट मागवल्या. बापूराव माझ्यापाशी येऊन कुरकुरले की हे सारं मार्केटिंगवाल्यांचं खूळ. मीही मनात तसंच म्हटलं होतं.

तो रविवार छान उजाडला. बोचरी थंडी, नंतर कोवळं ऊन. मी रात्र रात्र जागून लिहिलेले माहितीचे फलक वाऱ्याने पहिल्या तासातच पाडले आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. लोकांना आवडला तो जुना काटा. एका पारड्यात तुरीचं पोतं, दुसऱ्यात माणूस; बघता बघता रांग लागली. गावातले वकील, शाळेतल्या बाई, भाजीवाला, सगळे आळीपाळीने त्या पारड्यात मांडी घालून बसत होते आणि आपण पोत्याहून हलके आहोत का ते बघत होते. लेकरांनी टरफलांच्या ढिगावर घसरगुंडी केली. पत्र्याच्या छापातून भिंतीवर पडलेलं नाव मात्र सगळ्यांनी हात लावून पाहिलं.

पहिली पंगत मजेत उठली. पण फाटकातून माणसं येतच राहिली. घरंच्या घरं येत होती, कुलपं लावून, नवे कपडे घालून, त्यांचे पाहुणे घेऊन. चूलबंद आवतनाला लोक असेच येतात. दुसरी पंगत बसता बसता तिवशाची मंडळी पोचली, बस वाटेत रखडली होती. विहीणबाई उंच, काठाची साडी, हातात पर्स, चेहरा पाहुणीला शोभेल असा गंभीर. मागे व्याही, जावई आणि ज्योती. सुमनबाईंनी त्यांना ओळीच्या मधोमध बसवलं आणि स्वतः वाढायला उभ्या राहिल्या.

पत्रावळी मांडल्या, द्रोणात वरण आलं, भाजी आली, ठेचा आला. रोडगे येईनात. मी मागे धावले. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या विस्तवात सावकाश भाजायचा. घाई केली की बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. आधीचे संपले होते, नंतरचे कच्चे होते आणि भिजवलेली कणीक आणि आणलेलं पीठही सरलं होतं. बापूराव कपाळाला हात लावून बसले होते. मॅडम फोनवर कुठल्याशा हॉटेलात पोळ्या मिळतील का विचारत होत्या. पंगतीत वरण निवत होतं. सुमनबाई मीठ वाढून गेल्या, आणि थोड्या वेळाने परत मीठ वाढायला आल्या. ज्योती मान खाली घालून पत्रावळीचं पान कुरतडत होती. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात विहीणबाई उठल्या. अख्खी पंगत त्यांच्याकडे बघायला लागली. भरल्या पत्रावळीवरून विहीण उठणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान लेकराला कळतं. सुमनबाईंच्या हातातली मिठाची वाटी तिरपी झाली. विहीणबाई मात्र फाटकाकडे गेल्याच नाहीत. त्या सरळ मागे, विस्तवापाशी आल्या, खाली वाकून निखारे पाहिले आणि बापूरावांना विचारलं की एवढा चांगला विस्तव असताना रोडग्यांची वाट कशाला बघता, पानगे लावा. पानगा म्हणजे तीच कणीक, पण पातळ थापून पळसाच्या पानांत धरून भाजलेली. लगेच होतो. बापूराव म्हणाले, आता पळसाची पानं कुठून आणू? विहीणबाईंनी नुसतं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे मॅडमच्या हौसेच्या उरलेल्या पत्रावळींची थप्पी होती, छातीइतकी.

मग जे झालं ते आठवलं की मला आजही भरून येतं. पत्रावळी उसवून पाण्यात टाकल्या. वाळवणावरच्या बाया पंगतीतून उठल्या आणि वस्तीकडे पळाल्या. चूल बंद ठेवायची म्हटलं होतं, पिठाचा डबा बंद ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. घराघरातून पीठ आलं. मॅडम परातीपाशी बसल्या. विहीणबाईंनी पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि पहिला गोळा घेतला, तेवढ्यात सुमनबाईंनी येऊन त्यांचा हात धरला.

“इहीनबाई, तुमी नका. लोकं काय म्हनतीन.”

“लोकं भुकेले हायत,” विहीणबाई म्हणाल्या. “भुकेला मानूस काय म्हन्ते? पानगा म्हन्ते. बसा.”

आणि सुमनबाई बसल्या. दोघी विहिणी एका परातीला गुडघे लावून. एक थापायची, दुसरी पान ठेवायची. पानाच्या शिरा उमटलेले पानगे पंगतीत जायला लागले, आणि पंगतीतून जो आवाज उठला तो मी कधी विसरणार नाही. बापूराव स्वतः वाढत होते आणि प्रत्येकाला सांगत होते की पत्रावळी पळसाच्याच घ्या असं मीच म्हटलं होतं. मॅडमनी ते ऐकलं आणि चक्क मान डोलावली.

आम्ही सगळे शेवटच्या पंगतीत जेवलो, दादाजीसुद्धा, मांडी घालून. उन्हं उतरायला लागली तेव्हा विहीणबाईंनी विचारलं की ज्योती सांगते ती तूर कुठे आहे. त्या दिवशीही पटांगणाच्या एका बाजूला तूर पसरलेली होती. त्या काठावर उभ्या राहिल्या.

“पोरगी सांगे, माही माय दिवसभर तुरीत चालते,” त्या म्हणाल्या. “मले वाटे, चालनं म्हंजे का काम असते काय. म्हनून पाहाले आली.”

त्यांनी चपला काढल्या. सुमनबाई नको नको म्हणत होत्या, तरी त्या उतरल्या, मग सुमनबाईही उतरल्या. पाय उचलायचा नाही, ओढायचा, असं सुमनबाईंनी दाखवलं. दोघी शेजारी शेजारी त्या टोकापर्यंत गेल्या. सुमनबाईंच्या दोन रेघा सरळ, विहीणबाईंच्या दोन वाकड्या. परत येताना विहीणबाई थांबल्या, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि म्हणाल्या, “बाप्पा, लय काम हाय हे.” ज्योती माझ्या शेजारी उभी होती. ती रडत होती आणि हसतही होती, आणि मग तिनेही चपला काढल्या.

याचा फोटो नाही. कॅमेरावाला तेव्हा जुन्या काट्याचे फोटो घेत होता आणि माझा मोबाइल विहीणबाईंच्या पर्सशेजारी कुठेतरी पडला होता.

त्यानंतर कंपनीने मला ठेवून घेतलं. आता दर वर्षी त्या रविवारचं आवतन चूलबंदच असतं आणि ते द्यायला मॅडम स्वतः कोयरी घेऊन निघतात. त्यांचं ‘पेटवू नका’ अजून जरा पुणेरी येतं, पण लोक चालवून घेतात. मी एवढंच सांगते की त्या महिन्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्या दारांचे, त्या पिठाच्या डब्यांचे, आणि पंगतीतून उठून मागे आलेल्या त्या बाईचे. ती फाटकाकडे वळली असती तर मी आज मान वर करून या वस्तीतून गेले नसते. वसतिगृह सोडून मी ही खोली घेतली तीही इथे, मिलच्या जवळ, एका शेगडीपुरता ओटा असलेली.

परवा संध्याकाळी दार वाजलं. दारात सुमनबाई, नवी साडी, हातात कोयरी. आत आल्या, सगळीकडे नजर फिरवली आणि ओट्यापाशी जाऊन शेगडीवरून हात फिरवला. ज्योतीला मुलगी झाली आहे. बाळंतपण इथेच, माहेरी. बारसं रविवारी, आणि जागा कमी म्हणून दादाजींनी मिलचं पटांगण दिलं आहे. विहीणबाई तिवशाहून पळसाची पानं घेऊन येणार आहेत. हे सगळं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं, आणि मग मला कुंकू लावून अक्षता हातावर ठेवल्या.

“रविवारी तुयी चूल पेटवजो नको.”

मी हो म्हटलं. सुमनबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवून जिना उतरल्या.

तोच आजचा रविवार. आता निघायला हवं. आत्ता दार लावून निघालेसुद्धा होते, पण अर्ध्या जिन्यावरून परत आले, कुलूप काढलं आणि शेगडीची कळ पुन्हा एकदा पाहिली. बंद आहे.